बंगलोर कॉफी शोध: संध्याकाळच्या कपाचं कोडं (जवळजवळ) सुटलं

मंडळी, बरेच दिवस काही टाकलं नव्हतं कारण टाकण्यासारखं काही नव्हतंच, नुसती चिडचिड होती. जयनगरच्या घराजवळच्या त्या दर्शिनीचं (उभ्याने खायचं-प्यायचं छोटं हॉटेल) रडगाणं मागच्या वेळी गायलं होतं, सकाळी सातला तिथली कॉफी एकदम टॉप, आणि संध्याकाळी सहाला तोच काउंटर, तोच माणूस, तोच ग्लास आणि चव म्हणजे कडवट कोमट पाणी. पुण्यात वैशाली-रूपालीवर वाढलेली जीभ आहे, इतकं तरी कळतं.

पहिला संशय दुधावर होता. दिवसभर उकळून उकळून दूध आटतं, साय फिरते, वगैरे. म्हणून दूध वेगळं आणि डिकॉक्शन (फिल्टरमधून उतरलेला कॉफीचा दाट अर्क) वेगळं मागितलं (काउंटरवाल्याने बघितलं माझ्याकडे, पण दिलं). दूध ठीक होतं. दुसरा संशय चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पावडर. थंड पाण्याच्या ग्लासात चिमूटभर पावडर टाकायची, कॉफी बराच वेळ वर तरंगते, चिकोरी लगेच रंग सोडत खाली जाते, ही टेस्ट तुम्हाला माहितीच आहे, पण हॉटेलवाल्याकडे पावडर कशी मागणार? आणि मागून तरी काय, पावडर सकाळ-संध्याकाळ एकच असणार. म्हणजे राहिलं डिकॉक्शन.

मग एकदा मुद्दाम साडेपाचपासून कोपऱ्यातल्या टेबलाशी उभा राहिलो आणि सापडलं! मोठ्या स्टीलच्या फिल्टरमधली पावडर तशीच, त्यावर परत उकळतं पाणी, आणि खाली उतरलेलं ते दुसरं पाणी दुपारच्या उरलेल्या डिकॉक्शनमध्ये. ते भांडं बॉयलरवर ठेवलेलं, सतत गरम. काउंटरवाला ओळीने सहा ग्लास मांडतो, प्रत्येकात मगातून धार, सकाळी ही धार काळी आणि जाडसर पडते, संध्याकाळी चहासारखी लालसर, ग्लासाचा तळ दिसतो. वरून दूध लांबून ओतून फेस काढला की रंगावरून कुणाला कळतंय. त्याला दोष नाही देत, संध्याकाळी गिऱ्हाईक कमी, नवीन फिल्टर भरला तर रात्री ओतून द्यावा लागेल. पण मग संध्याकाळी प्यायची कुठे?

इथे खरा ब्रेकथ्रू. मी घरच्यासाठी पावडर घेतो ते दळणाचं दुकान (पीबी म्हणजे पीबेरी, फळात एकच गोल बी असते ती, आणि प्लांटेशन ए ही बियांची दुसरी प्रत, अर्धं अर्धं, चिकोरी शून्य, डोळ्यांसमोर दळून देतात, पॅकेटवाल्यांचं नाव काढू नका माझ्यासमोर). तिथल्या काकांना सहज विचारलं की सर, आसपासची हॉटेलं तुमच्याकडून नेतात का? नेतात म्हणे, बरीच. कोण आठवड्याचं एकदम भरतं आणि कोण रोज नेतं? हा प्रश्न विचारल्यावर काका खुलले. रोज नेणारे मोजकेच, त्यातला एक तर दुपारी चारला मुलगा पाठवून संध्याकाळची पावडर वेगळी नेतो!! तो ठेला माझ्या ऑफिसच्या वाटेवर आहे आणि रंगीत बोर्ड नाही म्हणून मी कधी आत वळलोच नव्हतो. त्याच संध्याकाळी गेलो. "स्ट्राँग, सक्करे कम्मी" (म्हणजे साखर कमी, हे आधी सांगायचं, नाहीतर इथे साखर न विचारता पडते). काय सांगू. धार काळी, वास रस्त्यापर्यंत, आणि शेवटच्या घोटात तो चॉकलेटसारखा कडूपणा जो पीबीशिवाय येत नाही असं माझं मत आहे, भांडायचं असेल तर भांडा.

यामुळे पुढचा सगळा प्लॅनच बदलला. या रविवारी चर्च स्ट्रीटची पोअर-ओव्हरवाली (कागदी फिल्टरवर हाताने पाणी ओतून करतात ती कॉफी) कॅफे करायची होती, ती आता पुढे ढकलली, तिथल्या एका व्ही-सिक्स्टी कपाच्या (त्याच प्रकारची कॉफी) पैशात इथे आठवडाभर कॉफी होते आणि बसायला एसी नको आहे मला. त्याऐवजी हॉटेलांचा नकाशा फेकून दळणाच्या दुकानांचा नकाशा करतोय. नवीन शहरात कॅफेचे रेटिंग बघण्यापेक्षा भाजणाऱ्याला विचारलेलं बरं, त्याला कोणाकडे माल किती फिरतो ते माहीत असतं. पुढचा एरिया बसवनगुडी: ब्राह्मिन्स कॉफी बार, विद्यार्थी भवन (शुक्रवारी बंद, लक्षात ठेवा), पण तिथे सकाळी सगळेच जातात, मला संध्याकाळ बघायची आहे. मग मल्लेश्वरम, मेट्रोच्या ग्रीन लाइनने संपिगे रोडला उतरून.

हे लिहिता लिहिता सुचलं, काकांना विचारायला हवं रोज नेणाऱ्यांपैकी कोण चिकोरी घालून नेतं आणि किती टक्के. सांगतील का माहीत नाही, धंद्याची गोष्ट आहे, पण अर्धा किलो जास्त घेतलं तर बहुतेक सांगतील.

घरचं एक छोटं: पितळी फिल्टर आणलाय, दिसायला सुंदर, पण भोकं मोठी, डिकॉक्शन दहा मिनिटांत धावत खाली. आधीचा साधा स्टीलचाच बरा, रात्री भरला की सकाळपर्यंत थेंब थेंब उतरतो. पितळीसाठी बारीक दळून बघणार आहे, त्यातही नाही जमलं तर शोकेसमध्ये. मल्लेश्वरममध्ये कुणी दळणाचं दुकान ओळखत असेल तर सांगा, शनिवारी निघतोय.