सहलीचा शेवटचा दिवस, वेरूळ आणि आमचे आबा

सहल संपून तीन दिवस झाले तरी पिंढऱ्या अजून दुखतायत, पण आज लिहिलं नाही तर ते राहूनच जाईल म्हणून बसलेय. आमच्या हिस्ट्री डिपार्टमेंटची चार दिवसांची स्टडी टूर होती, पैठण, देवगिरी, अजिंठा आणि शेवटी वेरूळ. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी, त्यामुळे सरांनी सगळा हिशेब लावून वेरूळ बुधवारी म्हणजे एकदम शेवटच्या दिवशी ठेवलेलं. मी टीवायला आहे, कॉलेजकडून ही माझी शेवटचीच सहल, म्हणून त्या दिवशी सकाळपासूनच घशात काहीतरी अडकल्यासारखं होत होतं.

निघायच्या आदल्या रात्री आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, एकच सांगितलं होतं, "देवाचं तोंड सगळीच बघत्यात, तू मागली बाजू बघ." आबा पाथरवट. जाती, पाटे-वरवंटे, उखळं घडवायचे, आणि जुन्या जात्याला टाकी लावायला पाठीवर हत्याराची पिशवी टाकून गावोगाव चालत फिरायचे. मग गिरण्या आल्या, मिक्सर आले आणि ते काम बंदच पडलं, पण त्यांची छिन्नी अजून घरात देवळीत ठेवलेली आहे आणि दसऱ्याला तिची पूजा होते. पहिले तीन दिवस मी त्यांचं बोलणं विसरूनच गेले होते, खरं सांगायचं तर नोट्स, फोटो, हजेरी, बस, जेवण यातच दिवस जात होता.

सहाला लॉज सोडला आणि आधी घृष्णेश्वरला गेलो. बारावं ज्योतिर्लिंग, लाल दगडाचं देऊळ, आणि थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ येत होती. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना शर्ट काढावा लागतो, आमची पोरं उघडी कुडकुडत रांगेत उभी होती, पण कुणी कुरकुर केली नाही. वेरूळची पाटीलकी भोसल्यांकडे होती, मालोजीराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला आणि पुढे अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी ते पुन्हा बांधून काढलं, हे पुस्तकात दहा वेळा वाचलेलं. पण ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून, हातात बेलाची पानं धरून ते ऐकलं ना, तेव्हा मालोजीराजे पहिल्यांदा मला आपल्या गावातल्या माणसासारखे वाटले.

तिथून लेणी. एकूण चौतीस, १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. गर्दी व्हायच्या आत सरांनी आम्हाला थेट सोळाव्यात नेलं, म्हणजे कैलासात.

कैलासाबद्दल काय लिहू. आत शिरलं की डोकं आपोआप वर जातं आणि तिथेच राहतं. आवार साधारण २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद, मागचा कडा शंभर फुटांच्या वर, आणि मधोमध अख्खं देऊळ, नंदीमंडप, दोन ध्वजस्तंभ, दोन मोठे हत्ती, हे सगळं एकाच कातळात, म्हणजे कुठून काही आणून बसवलेलं नाही, नको होता तेवढा दगड काढून टाकला आणि उरलं ते देऊळ! सर सांगत होते की राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला, आठवं शतक, आणि मग त्यांनी ती माणिकावती राणीची दंतकथा सांगितली. राणीने नवस केला की देवळाचा कळस बघितल्याशिवाय अन्न घेणार नाही, आता पायापासून बांधत गेलं तर कळसाला कित्येक वर्षं लागणार, सगळे कारागीर हात टेकून बसले, तेव्हा पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढे आला आणि त्याने डोंगराच्या माथ्यावरून खाली कोरायला सुरुवात केली, आधी कळसच केला. आम्ही तीन दिवसांपूर्वी पैठणलाच होतो, नाथांच्या समाधीपाशी, त्यामुळे पैठणचा म्हटल्यावर सगळी पोरं एकदम कान देऊन ऐकायला लागली.

आणि तेव्हा मला आबा आठवले. बाकीचे रावण कैलास हलवतोय त्या शिल्पापाशी फोटो काढत होते, ते शिल्प भारी आहेच, रावणाचा जोर आणि पार्वती घाबरून शंकराला बिलगलेली, पण मी आणि माझी रूममेट मागे गेलो. देवळाच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे, सगळं देऊळ पाठीवर घेतल्यासारखे उभे आहेत, कितीतरी हत्तींच्या सोंडा तुटल्यात. त्यांच्या पाठीमागे तो उंच कडा, आणि नीट बघितलं तर कड्यावर तिरके तिरके ओरखडे, छिन्नीचे. काही ठिकाणी इतके ताजे वाटतात की आत्ताच कुणीतरी काम थांबवून भाकरी खायला गेलाय. मी कितीतरी वेळ तिथेच उभी होते. देवांच्या मूर्ती बघून जे झालं नव्हतं ते त्या ओरखड्यांनी झालं, डोळेच भरून आले.

नंतर देवळाच्या उजव्या अंगाने डोंगरावर चढून गेलो, वरून कैलास बघायला. वरून मंडपाच्या छतावर कोरलेलं कमळ दिसतं आणि त्याच्याभोवती चार सिंह. खालून ते दिसतच नाहीत, आणि तरी ते अगदी नीट, मन लावून घडवलेत. तिथून मी आबांना व्हिडिओ कॉल लावला. आबांनी फोन डोळ्याला चिकटवला बहुतेक, मला नुसती भुवई दिसत होती. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "परांची कुठं बांधली असंल गं?"

मी म्हटलं, आबा, परांची नाहीच, वरून खाली आलेत, आधी कळस मग पाया.

"वरनं खाली?" परत गप्प. मग म्हणाले, "म्हंजी चुकायची सोयच न्हाय. आमचा एक टोला चुकला तर पाटा फेकून दुसरा धोंडा घ्यायचो. ह्यांनी कुठला घ्यायचा?"

शेजारी सर उभे होते, त्यांनी फोन घेतला आणि आबांना नमस्कार केला. दोघं पाच मिनिटं बोलले, छिन्नीला पाणी कसं देतात, दगडाची शीर कशी ओळखतात, ठोकल्यावर आवाजावरून कसं कळतं. सर वहीत लिहून घेत होते. आमच्या घरात आबांच्या कामाबद्दल इतकं कुणीच कधी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

नंतर दहावं लेणं, विश्वकर्मा, लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात, कारण छताला लाकडाच्या वाशांसारख्या कमानी कोरल्यात, दगडात. समोर बुद्ध बसलेले. आमच्या वर्गातला एक मुलगा आहे, सगळ्या सहलीत फार बोलला नव्हता, तो पुढे गेला, गुडघ्यावर बसला आणि हात जोडून म्हणायला लागला, नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासंबुद्धस्स. तीनदा. आवाज अगदी हळू होता, पण त्या छताने तो उचलला आणि सगळीकडे पसरवला, त्याचं म्हणणं संपल्यावरही तो घुमत राहिला. कुणीही फोन काढला नाही. बाहेर आल्यावर तो म्हणाला की त्याच्या आईची इथे यायची फार इच्छा होती, पण तिला जमलं नाही. त्यापुढे मी त्याला काहीच विचारलं नाही. तीन ताल लेण्यात तिसऱ्या मजल्यावर ओळीने बसलेले सात बुद्ध आहेत, तिथे आम्ही सगळे त्याच्या शेजारी गप्प बसून राहिलो.

इथेच दीड वाजला. जेवण जिथे ठरवलं होतं तिथे तास गेला, डाळ थंड आणि पोळ्या मोजून, ते सोडा. पण ड्रायव्हरकाका निघायची घाई करायला लागले आणि जैन लेणी रद्द व्हायची वेळ आली. मला हे खरंच पटत नाही की सहलीत शेवटचं ठिकाण नेहमी कापलं जातं, आणि बहुतेकांच्या वेरूळमध्ये जैन लेणीच कापली जातात, कारण ती कैलासापासून लांब, डोंगराच्या टोकाला आहेत. आम्ही सातआठ जणी सरांपुढे उभ्या राहिलो, सर म्हणाले, "पाऊण तास, एक मिनिट जास्त नाही," आणि आम्ही बसमधून उतरून अक्षरशः पळत सुटलो.

बत्तिसावं लेणं, इंद्रसभा. वरच्या मजल्यावर छताला मोठं कमळ आहे, आणि आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली अंबिका. खांबांवरची नक्षी इतकी बारीक की दगडात हे कसं जमलं हेच कळत नाही. पण मला बघायचं होतं ते तिसावं, छोटा कैलास. कैलास बघून तसाच कोरायला घेतलेला आणि अर्ध्यावर राहिलेला. तिथे आमच्याशिवाय कुणी नव्हतं. कुठे घडवलेला खांब आणि त्याच्या शेजारी कच्चा दगड तसाच. आबा म्हणाले होते ती मागली बाजू इथे समोरच होती, काम कसं चालतं ते उघडं पडलेलं. मी चाळीसेक फोटो काढले, सगळे ओबडधोबड दगडाचे, रूममेट म्हणाली माझा एक तरी काढ गं.

परतताना खुलताबादला थांबलो, भद्रा मारुतीचं दर्शन घेतलं, निजलेला मारुती, आणि ऊन उतरता उतरता मलिक अंबरची कबर. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस निजामशाहीचा वजीर झाला, खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, तिथे नहरींनी पाणी आणलं, १६२६ मध्ये गेला. सकाळी ज्यांच्या देवळात उभे होतो ते मालोजीराजे निजामशाहीतलेच, आणि १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे याच अंबरच्या बाजूने लढले. दोघांमध्ये आमच्या बसने जेमतेम काही मिनिटं. तिथे वारा होता, एक शेळी चरत होती, आणि सरांनी काही सांगितलं नाही, नुसतं सगळ्यांना पायऱ्यांवर बसू दिलं.

रात्री बसमध्ये अंताक्षरी झाली, रडारड झाली, ते सगळ्या सहलींत होतं.

घरी आल्यावर आबांना फोटो दाखवले. अंबिका, बुद्ध, माझे सेल्फी, सगळं त्यांनी अंगठ्याने पुढे सारलं. छोट्या कैलासाच्या कच्च्या भिंतीवर थांबले, मोठं करून बघितलं, आणि ओरखड्यांवरून बोट फिरवत राहिले, जशी छिन्नी फिरली असेल तसं. मग विचारलं, "लई चढाय लागतंय का?" मी म्हटलं, कैलासाचं आवार सपाट आहे, जैन लेण्यांपर्यंत गाडी जाते. गुडघ्याचा पट्टा घेऊ. थंडी जायच्या आत जाऊ, फक्त मंगळवार सोडून.