लाइट गेल्यावर सीएनसी राऊटरचं अर्धवट काम पुन्हा धरताना

लातूरकडे उन्हाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि सागवानी पाटीवरचं कोरीवकाम तासन्‌तास चालतं. घरच्या सीएनसी राऊटरचा, म्हणजे संगणकाच्या फाइलनुसार लाकूड कोरणाऱ्या मशीनचा, खरा घोटाळा असा, की लाइट गेली तरी आर्डुइनो, म्हणजे मशीन चालवणारा छोटा बोर्ड, थांबत नाही. त्याला ५ व्होल्ट लॅपटॉपच्या यूएसबीतून मिळतात. बिट (कोरणारं पातं) इकडून तिकडे नेणाऱ्या मोटरांचा २४ व्होल्ट सप्लाय बंद, तरी जीआरबीएल, म्हणजे आर्डुइनोमधला प्रोग्राम, फाइलच्या पुढच्या ओळी वाचतं आणि स्क्रीनवरचे आकडे पळत राहतात. मोटर फिरली की नाही हे सांगणारं त्याच्याकडे काहीच नसतं.

मी आधी बिट फिरवणाऱ्या राऊटर मोटरचं बटण बंद करतो (इथून पुढे राऊटर म्हणजे हीच मोटर), मग सॉफ्टवेअरमध्ये रिसेट. क्रम हाच. बटण चालू राहिलं तर लाइट येताच बिट फिरायला लागतं, आणि तेव्हा हात नेमका तिथंच असतो.

क्लॅम्प आणि बिट सोडायचं नाही. लाइट आल्यावर होमिंग, म्हणजे मशीननं ठरलेल्या कोपऱ्यात जाऊन स्वतःची जागा ओळखणं: झेड (वर-खाली) आधी वर येतो, मग एक्स-वाय (आडवं-उभं). जी५४ या कमांडचा शून्य, म्हणजे मापं जिथून मोजतात ती जागा, बोर्डात टिकतो. जी९२ ने लावलेला पुसला जातो. झेडला ८ मिमी लीडचा (एका फेऱ्यात ८ मिमी सरकवणारा) टी८ स्क्रू आणि जड राऊटर असेल, तर लाइट जाताच झेड खाली घसरून लाकडात खड्डाही पडतो.

कुठून सुरू करायचं हे सॉफ्टवेअरच्या ओळीवरून ठरवू नये, ती पुढे गेलेली असते. बिट शेवटच्या कापावर नेऊन एक्स-वाय वाचतो, फाइलमध्ये ती जागा शोधतो आणि त्याआधी बिट वर उचललं आहे त्या ओळीपासून सुरू करतो. त्या ओळीच्या वर जी२१ (मापं मिमीत), जी९० (मापं शून्यापासून), जी५४ आणि एफचा (कापण्याचा) वेग परत लिहावा लागतो.

यूपीएस फक्त मोटरांना लावाल तर नुकसानच: राऊटर बंद, मोटरा चालू, बिट कटकन तुटतं. त्याच्या जोडीला २३० व्होल्ट कॉइलचा रिले (विजेवर चालणारा स्विच) हवा, राऊटरच्याच लाइनवर. त्याचा एनसी (लाइट नसताना जुळलेला) कॉन्टॅक्ट आर्डुइनोच्या ए१ पिनला आणि ग्राउंडला जोडायचा. लाइट जाताच फीड होल्ड (तात्पुरता थांबा) लागतो, जागा हलत नाही. मात्र जीआरबीएलच्या सेटिंगमध्ये $१=२५५ ठेवावं, नाहीतर थांबल्यावर मोटरा ढिल्या पडतात. बटण इथंही बंदच करायचं. लाइट आल्यावर राऊटर हातानं चालू करून पूर्ण वेगात आला की मगच सायकल स्टार्ट, म्हणजे थांबलेलं काम पुढे.