मिस्त्री म्हणायचं कुणाला?

साइटवर थापी हातात घेतलेला प्रत्येक जण मिस्त्री नसतो. बिगारी माल कालवतो, घमेली वाहतो. गवंडी विटा लावतो. ओळ, पातळी आणि ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का ते बघायचा दोरीला बांधलेला लंबक) ज्याच्या जबाबदारीवर असतो, तो मिस्त्री. भिंत कलली तर जाब त्यालाच विचारतात.

हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'पासून आला. अर्थ उस्ताद, गुरू. त्याचं मूळ लॅटिन 'मागिस्टर', आणि इंग्रजीतून आलेला आपला 'मास्तर' त्याच मुळाचा. घमेलं, बालदी, पगार हेही पोर्तुगीजांकडूनच आले, म्हणजे बांधकामावर दिवसभर त्यांचेच शब्द फिरत असतात! गोव्यात 'मेस्त' म्हटलं की सुतार डोळ्यांपुढे येतो. तमिळ-कन्नड मुलखात 'मेस्त्री' म्हणजे मजुरांच्या टोळीचा प्रमुख. उस्तादपणाचा अर्थ कुठेच सुटलेला नाही.

तो अर्थ कामात कसा दिसतो, ते ओळंब्यावर कळतं. ओळंब्याच्या दोरीत एक ठोकळी असते, तिची रुंदी लंबकाच्या जाडीएवढी. ठोकळी भिंतीला वर टेकवायची, लंबक खाली सोडायचा, आणि तो हलायचा थांबेपर्यंत वाट बघायची. लंबक भिंतीला नुसता चाटून राहिला की भिंत सरळ. दूर राहिला तर भिंत तळाशी आत गेली आहे. भिंतीवर रेलला आणि ठोकळी सुटायला लागली तर तळाशी बाहेर आली आहे. वाऱ्यात किंवा घाईत घेतलेलं माप चुकतं. मग ती चूक गिलाव्यात भरून काढतात. आतला गिलावा साधारण १२ मिलिमीटरचा धरतात. तो एका टोकाला २५ झाला आणि एकाच हातात, म्हणजे एकाच थरात, मारला, तर ओला असतानाच घसरतो, किंवा पुढे पोकळ वाजायला लागतो. पातळी बघायच्या पाण्याच्या नळीचंही तसंच. आत एक बुडबुडा राहिला किंवा एका टोकावर अंगठा दाबलेला राहिला, तर पातळी खोटी येते.

सगळ्याच कसबी माणसांना मात्र हा शब्द चालत नाही. सुतार, फरशीवाला, गॅरेजवाला यांना मिस्त्री म्हणतात. विजेचं काम करणारा वायरमन, कपडे बेतणारा मास्तर, तालमीतला वस्ताद. सरकारी कागदावर कुशल, अर्धकुशल, अकुशल अशी वर्गवारी असते; त्यातून काम कळत नाही.

लिहिताना 'मिस्त्री' आणि 'मिस्तरी' दोन्ही दिसतात, पण रूपं वेगळी होतात. गवंडी-गवंड्याला, तसं मिस्तरी-मिस्तऱ्याला; 'मिस्त्री' मात्र न बदलता मिस्त्रीला. समोरासमोर 'अहो मिस्त्री', आणि 'मिस्त्रींना विचारा'. 'मिस्तऱ्याला बोलव' हे तोंडावर म्हटलं तर माणूस दुखावतो, आणि ते योग्यच आहे.

काम ठरवताना नुसतं 'मिस्त्री पाठवा' म्हणू नये, सुतार येऊन उभा राहील. कागदावर असं लिहावं: 'फरशी मिस्त्री १, बिगारी २, रोजाने, सामान मालकाचं.'