चढताना ऐकतेस, उतरताना मोजतेस

"चढताना ऐकतेस, उतरताना नुसती मोजतेस." डबल बासवर (व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं, खर्जातलं वाद्य) एफ मेजर स्केल, म्हणजे एफ सुरापासून वरच्या एफपर्यंत आणि परत, चौथ्यांदा वाजवून गज खाली ठेवला, तेव्हा सर एवढंच म्हणाले.

तोवर मी स्वतःवर खूश होते. डबल बासला पडदे नाहीत, तार सुमारे १०५ सेंटीमीटरची, बोट जरा घसरलं की सूर गेलाच. तरी चढताना सगळे नीट लागले होते. (मोकळ्या, म्हणजे बोट न दाबता वाजणाऱ्या, ए आणि डी तारांची फुकटची मदत होती, ते सोडा.)

मग त्यांनी मोकळी डी वापरायची बंदी केली. तोच डी सूर आता ए तारेवर बोट दाबून, वर सरकून. चढताना लागला. आणि शेजारची डी तार, हात न लावता, आपणहून थरथरली! सूर नेमका बसला की ती अशी साथ देते.

उतरताना तोच डी, तीच जागा. तार गप्प.

केसभर खाली होता. माझ्या कानाला कळलंच नाही, कारण मन आधीच शेवटच्या एफवर पोचलं होतं.

घरी येऊन तासभर फक्त उतरत बसले. सतरा वेळा तरी तार गप्पच, तीनदा बोलली.

तुमचंही असं होतं का, परतीच्या वाटेवर कान बंद?