घरभर जाहिराती अडवल्या, पण घड्याळाने अडवलं

बाबा मराठी बातम्या टॅबलेटवर वाचतात. गेल्या पावसाळ्यात बातमीवर अचानक ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’ अशी पाटी आली आणि त्यांनी घाबरून खालचं बटण दाबलं. नको ते ॲप शिरलं. ते काढता आलं, पण बाबांचा उतरलेला चेहरा मनातून जाईना. मग ठरवलं, बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या आमच्या घरात जाहिरात दारातच अडवायची.

कपाटात जुना रास्पबेरी पाय, म्हणजे डबीएवढा छोटा संगणक होता, त्यावर पाय-होल हा जाहिराती अडवणारा प्रोग्राम टाकला. फोन कुठल्याही साइटचा पत्ता आधी डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला विचारतो. ते काम आता घरात पाय-होलकडे आलं. नाव जाहिरातवाल्यांच्या यादीत असलं, तर पाय-होल ०.०.०.० असा कुठेच न नेणारा पत्ता देतं आणि जाहिरात मागवलीच जात नाही. यूट्यूबच्या जाहिराती मात्र व्हिडिओच्याच सर्व्हरवरून येतात, त्या यानं थांबत नाहीत. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवावं.

तरी बाबांना अधूनमधून जाहिराती दिसतच होत्या. चूक माझीच. राउटरमध्ये पहिला डीएनएस पाय-होलचा होता, पण दुसरा म्हणून मी गूगलचा ८.८.८.८ भरला होता, पहिला बंद पडला तर असावा म्हणून. पण उपकरणं तशी वाट बघत नाहीत, दोघांपैकी कुणालाही विचारतात. तो काढला. राउटर आयपीव्ही६ वरून, म्हणजे इंटरनेटच्या नव्या पत्तापद्धतीतून, इंटरनेट कंपनीचाच डीएनएस वाटत होता, तेही बंद केलं. मग घर खरंच शांत झालं.

दिवाळीत तीन आठवडे पुण्याला आत्याकडे गेलो, निघताना मेन स्विच बंद केला. परत आलो तर वायफाय जोडलेलं, पण एकही पान उघडेना. आई म्हणाली, “अरे, ती डबी काढून टाक बरं आधी.” मोबाइल डेटावर शोधत रात्रीचा एक वाजला. शेवटी पायवर तारीख बघितली, तर आम्ही निघालो तोच दिवस!

माझ्या पायमध्ये सेलवर चालणारं घड्याळ नाही. वीज गेली की शेवटची नोंदलेली वेळ धरून तो उठतो आणि खरी वेळ इंटरनेटवरून घेतो. मी हौसेनं अनबाउंडही बसवलं होतं, म्हणजे डीएनएसची उत्तरं स्वतःच शोधून आणणारा प्रोग्राम. ते उत्तरांवरची डीएनएसएसईसी सही तपासतं, म्हणजे उत्तर अस्सल असल्याची, मुदतीच्या तारखा असलेली डिजिटल खूण. घड्याळ तीन आठवडे मागे, त्यामुळे आजच्या सह्या त्याला भविष्यातल्या वाटल्या आणि त्यानं सगळंच नाकारलं. त्यात वेळ सांगणाऱ्या सर्व्हरचं नावही आलं. म्हणजे वेळेशिवाय डीएनएस नाही आणि डीएनएसशिवाय वेळ नाही.

तारीख हातानं घातली आणि मिनिटभरात सगळं सुरू झालं. मग डीएस३२३१ हे छोटं घड्याळ आणून पायवर लावलं, बटणसेलसकट. जुन्या लॅपटॉपवर दुसरं पाय-होल उभं केलं. आता राउटरमधले दोन्ही पत्ते आपल्याच घरातले आहेत. परवा मुद्दाम पायची वायर काढून ठेवली. बाबा बातम्या वाचत होते, त्यांना कळलंही नाही.