उरलेल्या दहा कॅप्सूल

औषध-चाचणीची कोऑर्डिनेटर म्हणजे फॉर्म भरणारी बाई, असं आमच्या घरीसुद्धा वाटतं. खरं काम मोजायचं. पेशंटनं परत आणलेली बाटली ट्रेवर उपडी करायची आणि पाच-पाच कॅप्सूल बाजूला सारायच्या. सत्तरची बाटली, रोज दोन, तीस दिवस. उरल्या पाहिजेत दहा. नेमक्या दहा उरल्या की मला आधी शंका येते. इतक्या शिस्तीत औषध कोण घेतं?

चाचणी डाळिंबाच्या अर्काची, हाडांपर्यंत पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरवर. हार्मोन दाबणारं इंजेक्शन सगळ्यांना चालूच. वर निम्म्यांना अर्क, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची कॅप्सूल. २००६ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात डाळिंबाच्या रसामुळे पीएसए, म्हणजे या कॅन्सरचा माग काढणारं रक्तातलं प्रथिन, दुप्पट व्हायचा काळ १५ वरून ५४ महिन्यांवर गेल्याचं आलं होतं. त्यात तुलनेला दुसरा गटच नव्हता. ते पेशंटही आधीच्या टप्प्यातले. २०१५ मध्ये तुलना करून पाहिली, तेव्हा म्हणावा तसा फरक दिसला नाही. आणि आमच्या चाचणीची अट काय, तर डाळिंब खायचं नाही. सोलापूर जिल्ह्यात! अट लिहिणाऱ्यानं डाळिंबांचा सांगोला नकाशावरसुद्धा पाहिला नसावा.

त्या दिवशी सांगोल्याकडचे दोन काका नेहमीसारखे एकाच एसटीनं आले. दोघांच्या बाटल्यांत दहा-दहा. पहिल्या काकांच्या मोजून झाल्या आणि ट्रेवर नजर अडकली. काही कॅप्सूलांखाली तपकिरी भुकटीची रेघ, बाकीच्यांखाली ट्रे स्वच्छ. नाकाशी नेल्या तर काहींना सालीचा तुरट वास. हा वास लपत नाही, असं मी दोनदा वर कळवलं होतं. "सगळं मॅचिंग आहे मॅडम," एवढंच उत्तर आलं. दुसऱ्या काकांच्या बाटलीतही तीच भेसळ.

"काका, या तुमच्याच बाटलीतल्या ना?"

"दोघांच्या हायत की ताई. तुमीच म्हणला व्हता, कुणाला खरं, कुणाला खोटं, ते तुमालाबी ठावं नसतंय. मग दोन्ही बाटल्या एका डब्यात वतल्या. एकाचं जरी खरं निघालं, तरी दोघांच्या पोटात निम्मं निम्मं जाईल."

संमतीपत्र मी दोघांना पाऊण तास समजावलं होतं. फारच नीट समजलं त्यांना. ऐंशीच्या दशकात एड्सवरच्या एझेडटी या औषधाच्या चाचणीतही पेशंटांनी औषध असंच वाटून घेतलं होतं. प्रशिक्षणात ते ऐकून आम्ही हसलो होतो.

हिशेबाच्या दृष्टीनं दोघंही वाया गेले. चाचणीवर देखरेख करणाऱ्या मॉनिटरचा फोन आला, "पेशंटचा निष्काळजीपणा, असं लिहा." निष्काळजीपणा? डब्यातून सत्तर-सत्तर मोजून वाटण्या केल्या होत्या त्यांनी! एथिक्स कमिटीच्या कागदावर मी काकांचंच वाक्य जसंच्या तसं लिहिलं. ते खोडून परत आलं.

पुढच्या महिन्यात मुद्दाम दोघांना वेगवेगळ्या तारखा दिल्या. त्यातल्या पहिल्या तारखेला दोघं एकाच गाडीनं आले.