जॉन म्यूर ट्रेलची तयारी: परमिट, बादली आणि अस्वलाचा डबा

कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेतून जाणारी जॉन म्यूर ट्रेल योसेमिटी व्हॅलीतल्या हॅपी आइल्सला सुरू होते आणि माउंट व्हिटनीच्या १४,५०५ फुटी माथ्यावर संपते. लांबी २११ मैल, म्हणजे साधारण ३४० किलोमीटर. बहुतेक लोक ती तीन आठवड्यांच्या आसपास चालतात. रेड्स मेडो हा रस्त्यालगतचा थांबा मागे पडला की व्हिटनी उतरून पायथ्याच्या व्हिटनी पोर्टलला पोचेपर्यंत वाटेला एकही गाडीरस्ता लागत नाही. गाव नाही, दुकान नाही. सह्याद्रीत हिंडताना आम्ही संध्याकाळच्या पिठलं-भाकरीची सोय पायथ्याच्या वाडीत एखाद्या घरी करायचो, त्यामुळे पाठीवर एक-दोन वेळांपेक्षा जास्त शिधा कधी वाहिला नव्हता. इथे सगळं आराखड्यावर होतं. म्हणून चालण्यापेक्षा तयारीबद्दलच लिहिते आहे. बे एरियातल्या मराठी मंडळींकडून सगळ्यात जास्त प्रश्नही तिच्याबद्दलच येतात.

आधी परमिट. योसेमिटीकडून निघायचं तर २४ आठवडे आधी ऑनलाइन लॉटरीत नाव घालावं लागतं. डोनह्यू खिंड ओलांडून दक्षिणेला जाणाऱ्यांसाठी दिवसाला ४५ माणसांची मर्यादा आहे आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट येतात. हॅपी आइल्सचाच हट्ट धरला तर संधी फार कमी उरते. आम्ही पर्यायांत लायल कॅन्यनही भरलं होतं, तेच मिळालं. म्हणजे सुरुवात ट्युलमी मेडोजपासून, पहिले वीस-बावीस मैल वगळून. व्हॅलीतला भाग एरवी शनिवार-रविवारी जाऊन चालता येतो, त्यामुळे वाईट वाटलं नाही. व्हिटनीवर चढायची परवानगी याच परमिटात येते, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही.

तारीख हातात आली की खरं काम सुरू होतं, आणि ते शेवटाकडून उलटं करावं असं माझं ठाम मत आहे. बहुतेक जण पहिल्या दिवसापासून कागद भरत जातात. पण या वाटेची अडचण दुसऱ्या अर्ध्यात आहे. म्यूर ट्रेल रँच हा जवळपास बरोब्बर मध्यावरचा मुक्काम. तिथून व्हिटनी पोर्टल ११० मैलांवर, तेही सगळ्या उंच खिंडी चढून उतरून. आमच्यासारख्या मध्यम चालीच्या माणसांना याला नऊ-दहा दिवस लागतात. अस्वलांपासून अन्न वाचवायचा जो कडक प्लास्टिकचा डबा इथे सक्तीचा आहे, त्याच्या मोठ्यात मोठ्या नेहमीच्या मापात, साडेअकरा लिटरमध्ये, एका माणसाचं कसंबसं सात दिवसांचं अन्न बसतं. योसेमिटीत झाडाला पिशवी टांगणं चालत नाही, कारण अस्वलं ती काढायला केव्हाच शिकली आहेत. शिवाय डब्यात फक्त जेवण नसतं. टूथपेस्ट, सनस्क्रीन, ओठांचं मलम, कचऱ्याची पिशवी, वास येणारं सगळं रात्री आत जायला हवं.

म्हणून आम्ही कियरसार्ज खिंडीतून बाहेर पडायचं ठरवलं. ग्लेन खिंडीनंतर मुख्य वाट सोडून ११,७६० फुटांवरची ही खिंड ओलांडली की साडेसात मैलांवर ऑनियन व्हॅलीचा रस्ता लागतो आणि तिथून खाली इंडिपेन्डन्स गाव. जाऊन-येऊन पंधरा मैल वाढतात, पण अर्ध्या दिवसात गरम पाण्याची आंघोळ आणि नवा शिधा दोन्ही मिळतं. रेड्स मेडोपुढची मोहीम तीन तुकड्यांत विभागली गेली: रेड्स मेडो ते म्यूर ट्रेल रँच, तिथून ऑनियन व्हॅली आणि मग व्हिटनी. सुरुवातीची ट्युलमी ते रेड्स मेडो ही लहान तुकडी घरून नेलेल्या शिध्यावर भागली. लेक एडिसनच्या काठचा व्हर्मिलियन व्हॅली रिसॉर्टचा थांबा आम्ही वगळला. रँच तिथून फार लांब नाही, दोन्हीकडे थांबण्यात मला अर्थ वाटला नाही.

त्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाई सांगलीहून आमच्याकडे आल्या होत्या. स्वयंपाकघराचा सगळा ताबा त्यांच्याकडे आणि माझ्याकडे वजनकाटा. इथल्या ट्रेकर्सचं गणित दर ग्रॅमला किती कॅलरी असं चालतं, आणि त्यात शेंगदाणे, तूप, सुकं खोबरं हे आपले जुने मित्र पहिल्या नंबरात येतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी आहेत. पण या वाटेवर वजनाइतकंच आकारमान बघावं लागतं. चिवडा नि पातळ पोहे काट्यावर हलके, डब्यात मात्र भसाभस जागा खातात. सातूचं पीठ, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजलेलं बेसन हे सगळं दाबून बसतं.

डब्यात लाडू रचत होते तेव्हा आई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.
"अगं, लाडू कशाला वळतेस? गोल वस्तू मध्ये पोकळी सोडते. त्याच मिश्रणाच्या वड्या थाप, डब्याला लागून उभ्या बसतील."
तसंच केलं. डिंक, खारीक, खोबऱ्याच्या चपट्या वड्या पातळ पिशव्यांत भरून डब्याच्या कडेने उभ्या लावल्या. खिचडीच्या प्रत्येक पाकिटाला सुईने बारीक भोक पाडून हवा काढली आणि वर चिकटपट्टी लावली. कंपनीच्या फुगीर पाकिटांतलं तर सगळंच सामान काढून साध्या पिशव्यांत भरलं. एवढ्यानं जवळजवळ दीड दिवसाच्या जेवणाला जागा झाली.

डाळींचं आधी ठरवावं लागलं. दहा हजार फुटांवर पाणी ९० अंशांच्या आसपास उकळतं, तिथे तूरडाळ शिजवत बसलात तर गॅस संपेल आणि डाळ कच्चीच राहील. आम्ही मुगाची खिचडी, आमटी-भात, मटकीची उसळ घरी पूर्ण शिजवून डिहायड्रेटरमध्ये कुरकुरीत होईपर्यंत वाळवली. उसळ फार घोटू नये आणि वाळवायच्या पदार्थात तेल जवळपास घालूच नये, तेल राहिलं की खवट वास येतो. तूप वेगळ्या छोट्या बाटलीत न्यायचं आणि ताटलीत वरून घालायचं. मुक्कामावर पाणी उकळलं की पातेल्यात खिचडी टाकायची, झाकण लावायचं आणि पातेलं जाकिटात गुंडाळून अर्धा तास ठेवायचं. आत हळूहळू मऊ होते आणि गॅसही फारसा जळत नाही. इव्होल्यूशन लेकच्या काठावर, जवळजवळ अकरा हजार फुटांवर, तूप घातलेली ती खिचडी खाताना आम्ही दोघंही काही बोललो नाही, इतकी भूक होती.

रँचला शिधा पाठवायची पद्धत ठरलेली आहे. पाच गॅलनची झाकणाची प्लास्टिकची बादली भरायची, त्यावर नाव आणि पोचायची तारीख मोठ्या अक्षरांत लिहायची आणि टपालाने पाठवायची. पुढे ते लोक ती डोंगरात नेतात, म्हणून किमान तीन आठवडे आधी निघाली पाहिजे. कागदी खोका चालत नाही, उंदीर कुरतडतात. गॅसची डबडी साध्या टपालाने पाठवता येत नाहीत, ती थांब्यावरच विकत घ्यावी लागतात, म्हणून तिथे मिळतात का हे आधी विचारून घ्या. इंडिपेन्डन्सचा खोका आम्ही गावातल्या एका मोटेलवर पाठवला. टपाल कार्यालयाच्या जनरल डिलिव्हरीनेही (म्हणजे आपण येईपर्यंत खोका तिथेच राखून ठेवतात) मागवता येतो, फक्त रविवारी दार बंद असतं हे तारखा आखताना धरून ठेवा.

बादलीत किती भरायचं याबाबत माझा एक सल्ला आहे. पहिल्या तीन-चार दिवसांत उंचीमुळे जेवण जात नाही, तिथला शिधा थोडा कमीच ठेवा. आठवड्यानंतर मात्र भूक अशी वाढते की घरी ठरवलेली मापं अपुरी पडतात. आम्ही रँचच्या बादलीत प्रत्येकी रोज पाव किलो जास्त धरलं होतं, आणि तेवढं लागलंच. गोडाचा कंटाळा लवकर येतो. रँचवर नको असलेलं सामान टाकायची पिंपं ठेवलेली असतात, त्यात ओट्स आणि प्रोटीन बारचा ढीग होता. लोणच्याचा खार, ताकातल्या वाळवलेल्या मिरच्या, मेतकूट असं तिखट-खारट आमच्याकडे असल्यामुळे शेवटच्या दिवसापर्यंत जेवण घशाखाली उतरलं. शेजारच्या तंबूतल्या ओरेगॉनच्या एका जोडप्याने आमचं मेतकूट टॉर्टियावर तूप लावून खाल्लं आणि कृती लिहून घेतली.

रँच सोडतानाचा दिवस सगळ्यात जड असतो. डबा गच्च, आणि वाट लगेच इव्होल्यूशन व्हॅलीकडे चढू लागते. म्हणून पुढचे दोन दिवस मुद्दाम लहान ठेवावेत. त्यानंतर म्यूर खिंड, मॅथर, पिन्चॉट, ग्लेन, या चारही बारा हजार फुटांच्या आसपास. दिवसाला एकच खिंड आणि तीही दुपारच्या आत, एवढा नियम आम्ही पाळला. उन्हाळ्यात दुपारी वीजवादळं उठतात आणि खिंडीच्या उघड्या खडकावर आडोसा नसतो. म्यूर खिंडीवर सिएरा क्लबने १९३० मध्ये बांधलेली दगडी झोपडी आहे, पण ती वादळात आसरा म्हणून आहे, मुक्कामासाठी नाही.

व्हिटनीच्या हद्दीत मलविसर्जनाची खास पिशवी वापरून ती आपल्याबरोबर खाली आणणं बंधनकारक आहे, डब्याशेजारी तिचीही जागा धरा. परतीसाठी गाडी ट्युलमीजवळ ठेवून व्हिटनी पोर्टलहून लोन पाइनला उतरलं की महामार्ग ३९५ वरून उत्तरेकडे बस जाते, ती रोज नसते. बसचे दिवस आधी बघा आणि मगच शेवटच्या टप्प्याची तारीख ठरवा. ऑगस्टच्या मध्यावर निघायचं असेल तर लॉटरी फेब्रुवारीच्या शेवटी येते आणि बादली जुलै संपायच्या आत टपालात पडायला हवी.